पैसे मोजले, मग गेम माझा का नाही?

मागच्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले होते, पुण्यातला, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. महिन्यातून एकदा तरी मी तिथे जातेच, कारण मला लागणाऱ्या वस्तू आता दुकानात मिळत नाहीत. आयडीई केबल, गोल पिनचा जुना कीबोर्ड, चालू अवस्थेतला सीडी ड्राइव्ह असलं काही हवं असेल तर तिथेच सापडतं, नाहीतर भंगारवाल्याकडे. तर पाने, कुलुपं आणि चार्जरच्या गुंत्यामागे एका ताडपत्रीवर सीड्यांचा गठ्ठा होता. आरत्या, इंग्लिश स्पीकिंगचा कोर्स, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हीसीडी, आणि मधेच ‘क्रिकेट ०७’. ओरिजिनल, डब्यासकट, आत मॅन्युअलसुद्धा. काकांनी पन्नास रुपये सांगितले, मी घासाघीस न करता दिले आणि डबा पिशवीत न टाकता हातातच धरून घरी आणला.

ज्यांच्या घरी त्या काळात कॉम्प्युटर होता त्यांना हा गेम काय होता ते सांगायची गरज नाही. सांगलीला आमच्याकडे दादा आणि मी आळीपाळीने खेळायचो, वीज गेली की मॅच गेली, मग पुन्हा टॉसपासून सुरुवात. खेळाडूंची खरी नावं वापरायचं लायसन्स फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचं घेतलेलं होतं, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं वाकडीतिकडी असायची, मग आम्ही एडिटमध्ये बसून एकेक नाव नीट करायचो आणि त्यातच अर्धी दुपार जायची. २००६ च्या शेवटी हा गेम आला आणि त्यानंतर तो काढणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीने पीसीसाठी नवा क्रिकेट गेम काढलाच नाही. आज तो डाउनलोड करायला अधिकृतपणे कुठेही विकत मिळत नाही. पण तो मेलेला नाही, आजही पोरं त्यात या वर्षीच्या आयपीएलचे कपडे, नवे खेळाडू, नवी स्टेडियम्स टाकून खेळतायत, आणि हे सगळे पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स, चाहत्यांनी स्वतःच्या वेळात, कुणी एक रुपया देत नसताना बनवलेत. हे शक्य का झालं तर तो अख्खा गेम त्या एका डिस्कवर आहे. त्याला कुणाला फोन करून ‘मी चालू होऊ का’ असं विचारावं लागत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. जो गेम आपण पैसे देऊन घेतो तो आपल्याकडे राहिला पाहिजे, कंपनीचा कंटाळा आला, सर्व्हर परवडेना, नवा भाग विकायचाय म्हणून जुना बंद करायचाय, कारण काहीही असो, आपल्या हातातली वस्तू तिने लांबून मारता कामा नये. आणि हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांचा नाही, प्रत्येक ग्राहकाचा आहे, आणि सरकारने यात लक्ष घालायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी माझा शनिवार सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. आठवडाभर मी अकाउंट्सचं काम करते, जीएसटीच्या तारखा, ऑडिट, एक्सेल. शनिवारी जेवणं आटोपली की मी आतल्या खोलीत माझ्या टेबलाशी बसते. तिथे एक पेंटियम फोर आहे, विंडोज एक्सपी, आणि सतरा इंचाचा जुन्या पद्धतीचा डब्बा मॉनिटर, जो चालू करताना अजून ‘टुंग’ असा आवाज येतो. हा जुना कॉम्प्युटर हौस म्हणून ठेवलेला नाही, त्याची गरज आहे. त्या काळातल्या बऱ्याच गेम्सच्या डिस्कवर कॉपी रोखायला सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर चालायचं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हरच काढून टाकला. म्हणजे ओरिजिनल डिस्क, खरी पावती, सगळं असूनही नव्या मशीनवर गेम चालत नाही, आणि ज्याने कुलूप तोडलेली चोरीची कॉपी घेतली होती त्याचा मात्र चालतो. प्रामाणिकपणे पैसे भरलेल्या माणसाला ही शिक्षा आहे, आणि याचा मला खरंच राग येतो.

शनिवारी मी एक डिस्क घेते. आधी उजेडात धरून बघते. बहुतेकांना वाटतं की चकचकीत बाजूला ओरखडा पडला की सीडी गेली, पण खरं नाजूक काम वरच्या बाजूला असतं, जिथे चित्र छापलेलं असतं तिथे, कारण डेटाचा थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो आणि त्याच्यावर फक्त लॅकरचा पातळ हात असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो, वरचा गेला की गेलाच. म्हणून वर स्टिकर लावू नये, बॉलपेनने लिहू नये, आणि पुसताना गोल गोल न फिरवता मधून कडेकडे सरळ पुसावं, मऊ सुती कापडाने. आपल्याकडे पावसाळ्यात डब्यांमध्ये बुरशी धरते, त्यासाठी मी बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवते. मग डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, काढते, चेकसम घेते, म्हणजे त्या फाइलचा एक आकडा निघतो, दहा वर्षांनी पुन्हा काढला आणि तोच आला तर समजायचं की एक बिटही हललेला नाही. मग मॅन्युअल स्कॅन. मग एक्सेलमध्ये नोंद. मग पहाटेपर्यंत खेळणं, कारण खेळलंच नाही तर हे सगळं कशाला करायचं.

हे करता करता सोल्डरिंग शिकले, मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर बदलायला शिकले, ‘डिजिट’ मासिकाबरोबर यायच्या त्या डेमो सीड्यांचा संग्रह झाला. आमच्यासारख्या लहान गावांतल्या मुलामुलींनी अर्धे गेम्स त्या डेमोच्या पहिल्या लेव्हलपुरतेच पाहिलेत, पुढचं काय होतं ते आम्ही शाळेत एकमेकांना मनाने रचून सांगायचो.

तर आता तक्रारीचं. २०१३ मध्ये माझ्या पहिल्या दिवाळी बोनसमधून मी एक गेम घेतला होता, डबा, डीव्हीडी, आत कागदावर छापलेली ‘की’, म्हणजे गेम चालू करायचा नंबर, ९९९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच आहे. दोन वर्षांपूर्वी तो पुन्हा टाकायला घेतला. डीव्हीडीवर एक ओरखडा नाही, इन्स्टॉल शेवटपर्यंत झालं, आणि मग एक छोटी खिडकी आली, ‘सर्व्हरशी संपर्क करत आहे’, आणि ती तशीच राहिली. वीस मिनिटं मी तिच्याकडे बघत बसले. तो एकट्याने खेळायचा गेम आहे, त्यात दुसरा माणूस येतच नाही, इंटरनेटचं त्यात काही काम नाही, पण पहिल्यांदा चालू होताना ती ‘की’ खरी आहे का ते त्यांच्या सर्व्हरला विचारावं लागतं, आणि तो सर्व्हर आता नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर आलं की ही सेवा बंद केलेली आहे आणि आमचा नवा गेम पाहा. सेवा? मी डबा घेतला होता हो, सेवा कुठे घेतली होती. दुकानदाराने बिलावर वस्तू म्हणून लिहिलंय, टॅक्स वस्तूचा लागलाय.

तुम्ही म्हणाल एकीचं ९९९ रुपयांचं दुखणं घेऊन काय बसलीस. पण बाहेर बघा. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला, एक कोटीच्या वर लोक तो खेळले, त्यात एकट्याने खेळायची अख्खी गोष्ट होती, पण कायम ऑनलाइन असल्याशिवाय चालायचा नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि त्याच क्षणी जगभरातल्या सगळ्या डिस्क प्लास्टिकच्या चकत्या झाल्या. यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी आहे, कायम सर्व्हर चालवा असं ते म्हणतच नाहीत, बंद करताना गेम चालण्यासारख्या अवस्थेत सोडून जा, एवढंच. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या तर युरोपियन कमिशनला त्या विषयावर उत्तर द्यावं लागतं, आणि या मोहिमेने तो दहा लाखांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. गेम्ससाठी दहा लाख माणसं सही करतात याचा अर्थ त्यांच्या आयुष्यात ती जागा खरी आहे, आणि मला तर त्या दिवशी भरून आलं होतं.

कॅलिफोर्नियात वेगळ्या बाजूने प्रयत्न झाला. तिथे १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे की दुकानदाराने डिजिटल वस्तूवर ‘खरेदी करा’ असं लिहायचं असेल तर ग्राहकाला फक्त लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, मिळतंय हे स्पष्ट सांगावं. स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानाने तर त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकायला सुरुवात केली. ओळ टाकली हे चांगलं, पण मला विचाराल तर हा अर्धाच उपाय आहे. ‘मी तुझं घड्याळ कधीही परत नेईन’ असं आधी सांगून घड्याळ विकलं म्हणून ते नेणं बरोबर ठरत नाही.

आपल्याकडे हा विषय नाही असं वाटत असेल तर २ सप्टेंबर २०२० आठवा. त्या दिवशी सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली त्यात पबजी मोबाइल होता, आणि ३० ऑक्टोबरला इथल्या लोकांसाठी सर्व्हरही बंद झाले. माझा भाचा तेव्हा दहावीत होता. बंदीची कारणं वेगळी होती, सुरक्षेची होती, त्यावर मी इथे वाद घालत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने गेम परत आला, जुना डेटा आणायची सोयही दिली. पण त्या ऑक्टोबरमध्ये तो मला म्हणाला होता, ‘मावशी, मी पॉकेटमनी साठवून जे जे घेतलं ते नक्की कुठे होतं गं?’ आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. ते त्याच्या फोनमध्ये नव्हतंच. कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या डेटाबेसमध्ये त्याच्या नावापुढची एक ओळ होती. आपल्या मुलांची एक अख्खी पिढी अशी आहे की जिने कधी गेम हातात धरलेलाच नाही, जिला वाटतं हे असंच असतं, गोष्टी येतात, पैसे घेतात आणि जातात.

असंच असतं हे खोटं आहे, आणि हे मला ठासून सांगायचंय. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या कुणालाही विचारा. दहा मशीन, मधे त्यांना एकमेकांशी जोडणारा एक स्विच, आणि कॅफेवाल्या दादाच्या मशीनवर सर्व्हर. इंटरनेट बंद असलं तरी मॅच चालू. सर्व्हर म्हणजे काही अमेरिकेतली जादूची इमारत नाही, तो एक प्रोग्राम आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वी तो गेमबरोबर आपल्याला मिळायचा. नंतर कंपन्यांनी तो स्वतःच्या हातात घेतला. काही कारणं खरी होती, चीटिंग थांबवायचं होतं, लाखो माणसं एकत्र खेळणार होती. पण बंद करताना तोच प्रोग्राम खेळाडूंच्या हातात देऊन जायला काय हरकत आहे? आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला, गेम येऊन चारच वर्षं झाली होती, कंपनी बुडाली नाही, उलट तो गेम आज कॅल्क्युलेटरपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे चालतो आणि अजून विकलाही जातो. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केला, चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या एका चाहत्यांच्या सर्व्हरला चक्क अधिकृत परवानगी दिली. म्हणजे होतं हो, करायचं ठरवलं तर होतं.

कंपन्यांचं म्हणणं असतं की यात खर्च आहे, दुसऱ्यांकडून घेतलेला कोड असतो, गाण्यांची आणि गाड्यांची लायसन्सेस संपतात. हे मी उडवून लावत नाही, मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे, खर्च म्हणजे काय ते मला कळतं. म्हणूनच आधीच विकलेल्या गेम्सवर मागे जाऊन सक्ती करा असं मी म्हणणार नाही. पण आजपासून जो गेम बनवायला घेतला जाईल त्यात शेवटची सोय पहिल्या दिवशी आखली तर तो खर्च फार मोठा राहत नाही. इमारत बांधताना जिना आधी धरला तर स्वस्त पडतो, सहा मजले झाल्यावर जिना आठवला तर महाग पडणारच. आणि लायसन्स संपलं म्हणून नवी विक्री थांबवा की, ज्याने आधीच घेतलाय त्याच्या घरात का शिरता?

दुसरा आक्षेप पायरसीचा, आणि हा मला जवळच्या माणसांनीही ऐकवलाय. मी खोटं बोलणार नाही, आमच्या लहानपणी सांगलीत ओरिजिनल गेम मिळतच नव्हता, साठ रुपयांत एका सीडीत दहा गेम असं चालायचं आणि आम्हीही तेच खेळलो. ते चूक होतं, आणि कमावायला लागल्यापासून मी प्रत्येक गेम विकत घेतलाय, त्या जुन्यांपैकी जे मिळाले तेही पैसे देऊन पुन्हा घेतले. पण ज्यांनी पैसे भरले त्यांच्याकडचा गेम बंद पाडून पायरसी थांबत नाही, वर सांगितलं तसं चोराचा चालूच राहतो. उलट गॉग नावाचं पोलिश दुकान २००८ पासून कुठलंही कुलूप न लावता गेम विकतंय, फाइल डाउनलोड करा, स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, तुमची. सतरा-अठरा वर्षं ते चालू आहे. माणसांना फुकट नको असतं, त्यांना स्वतःचं हवं असतं.

आपल्या कायद्यात तर याची जाणीव होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, कॉम्प्युटर प्रोग्राम कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे त्याला नुकसान होऊ नये म्हणून बॅकअप कॉपी काढायची मुभा आहे. म्हणजे मी शनिवारी डिस्कची जी कॉपी काढते ती कायद्याच्या चौकटीत बसते. पण ज्या गेमचा अर्धा भाग कंपनीच्या सर्व्हरवर आहे त्याचा बॅकअप मी घेऊ कशाचा? मुभा कागदावर राहिली आणि वस्तू निघून गेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचा उल्लेख आहे, म्हणजे दार उघडं आहे, आत कुणीतरी जायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला, पैसे लावायचे गेम बंद केले, ते मला पटलं, कर्जात बुडालेली पोरं मी माझ्या ऑफिसात पाहिलीत. पण त्या सगळ्या चर्चेत ‘गेमिंग’ म्हणजे जुगार एवढाच अर्थ उरला, आणि जो माणूस साधा गेम विकत घेऊन घरी खेळतो त्याच्या हक्काबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि आता ते, जे मला ग्राहक म्हणून नाही तर पुणेकर म्हणून बोलायचंय. लॉ कॉलेज रोडवरून जाताना मला दर वेळी फिल्म अर्काइव्ह दिसतं. ते १९६४ मध्ये सुरू झालं, आणि तोवर आपल्या मूकपटांच्या काळातलं जवळपास सगळं हातातून गेलं होतं. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची एकही प्रिंट आज नाही. सिनेमा ही काय जपून ठेवायची गोष्ट आहे का, असंच तेव्हाच्या शहाण्या माणसांना वाटत होतं, करमणूक आहे, येते आणि जाते, जुन्या रिळांतली चांदी काढून विकली जात होती. गेम्सच्या बाबतीत आज आपण तिथेच उभे आहोत. अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. तिथल्या ग्रंथालयांनी मागणी केली की अभ्यासकांना हे जुने गेम लांबून पाहता येऊ द्या, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट ऑफिसने ती नाकारली, आणि विरोध करणाऱ्यांची एक भीती ही होती की लोक करमणूक म्हणून खेळतील. मला हे वाचून काय बोलावं कळेना. ग्रंथालयातून आपण कादंबऱ्या काय शिक्षा म्हणून आणतो?

आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची, त्यातलं एक आपल्या मुंबईत आहे. पुस्तक चांगलं की वाईट हे कुणी बघत नाही, प्रत द्यायची म्हणजे द्यायची. फ्रान्सने १९९२ मध्येच अशी सक्ती व्हिडिओ गेम्सनाही लावली, त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेम्स पुस्तकांसारखे जमा होतात. आपल्याकडे का नको? इथे गेम बनत नाहीत असं थोडंच आहे, ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला तो पुण्यातच बनलाय, आणि त्याच्याही कितीतरी वर्षं आधीपासून मुंबईत मोबाइलवरचे क्रिकेटचे, सिनेमांचे छोटे छोटे जावा गेम्स बनत होते, त्या साध्या बटणांच्या फोनवर लाखो लोकांनी ते खेळलेत. फोन भंगारात गेले, ज्या पोर्टलवरून ते उतरवायचो ती बंद झाली, आणि त्यातले कितीतरी गेम आज शोधून सापडत नाहीत. मी तीन वर्षं शोधतेय. ते आपल्या लोकांनी, आपल्या लोकांसाठी बनवलेलं काम होतं, आणि पंचवीस वर्षांतच ते ‘आलम आरा’च्या रांगेत जाऊन बसलंय.

जिथे काही वाचलंय तिथे ते कुणाच्या तरी कपाटामुळे वाचलंय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या नावाखाली सगळ्यांनी खेळलेला, १९८९ चा. त्याचा मूळ सोर्स कोड हरवला असंच तो बनवणारा जॉर्डन मेकनर समजत होता, आणि २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या मशीन चालवता येणारी माणसं आली, फ्लॉपी वाचल्या, कोड सगळ्यांसाठी खुला केला. वडिलांनी आवराआवरीत ते खोकं टाकून दिलं असतं तर? एवढ्या मोठ्या गोष्टी अशा वडिलांच्या भरवशावर सोडायच्या का?

माझ्या आईने तिची पुस्तकं मला दिली, तिच्या सहीची, शाळेतल्या बक्षिसाच्या शिक्क्याची. माझ्या स्टीमच्या खात्यात सव्वादोनशे गेम आहेत, आणि त्यांच्या करारात लिहिलंय की ते खातं दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे माझ्यानंतर माझ्या लेकीला त्यातला एकही कायद्याने मिळणार नाही. हे जेव्हा नीट वाचलं त्या रात्री मी ठरवलं की जे डिस्कवर आहे ते तरी तिच्यासाठी नीट लावून ठेवायचं.

रविवारी रात्री क्रिकेटची ती डिस्क घेतली. ८९ टक्क्यांपर्यंत सुरळीत वाचली आणि तिथे अडकली, ड्राइव्ह घरघरायला लागला. बाहेर काढून पुन्हा पुसली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली, वेग सगळ्यात कमी केला, चार एक्स. पाऊण तास लागला पण पूर्ण निघाली. तोवर लेक मॅन्युअल चाळत बसली होती, आणि तिने मला शेवटचं पान दाखवलं. नोट्ससाठी कोरी जागा असते तिथे कुणीतरी पेन्सिलने मॅचेस लिहून ठेवल्या होत्या. ‘भारत २८७/४. मी १३४ नाबाद. पप्पा ऑल आऊट ९१.’ खाली तारीख, १४ मे २००८, आणि त्याच्याखाली वेगळ्या, मोठ्या माणसाच्या अक्षरात, ‘उद्या परत’. मी ते पानही स्कॅन केलं, सहाशे डीपीआयला, पेन्सिल पुसट होती म्हणून दोनदा.